गॅन्ट्री गर्डरचा वेल्ड भरूनही पुन्हा का फाटतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही कळेल. तळोज्याच्या शेडमध्ये १० टनी ईओटी (विजेवर चालणारी, डोक्यावरून फिरणारी) क्रेन, दोन शिफ्ट चालते, तिचा रेल ज्यावर बसतो तो गॅन्ट्री गर्डर प्लेट जोडून बनवलेला, वेब (मधली उभी प्लेट) ८ मिमी, टॉप फ्लँज (वरची आडवी प्लेट) आणि वेबच्या जोडाला दोन्ही बाजूंनी ६ मिमी फिलेट (कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड). सव्वादोन वर्षांनी स्टिफनरजवळ (वेबला आधार देणाऱ्या प्लेटजवळ) त्या फिलेटमध्ये क्रॅक दिसला, ग्राइंडर मारून सत्तर-अठराच्या (७०१८) वेल्डिंग रॉडने भरून घेतला, सात महिन्यांत परत तिथेच फाटला. आता तुम्ही विचारताय की नवीन गर्डर ई ३५० चा (जास्त मजबूत ग्रेडच्या स्टीलचा) केला तर टिकेल का, नाहीतर फिलेट ६ ची १० करावी का, आणि तिसरं म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रेस जेमतेम ११० एमपीए येतोय, यील्ड (जिथून स्टील कायमचं ताणलं जातं) २५०, निम्मासुद्धा नाही, तरी फाटतो कसा.

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर "क्रॅक कुठून निघालाय ते सांगा, मग बोलू". तिसऱ्यापासून सुरू करतो कारण घोळ तिथेच आहे.

यील्डशी तुलना करायची ती एकदाच येणाऱ्या मोठ्या लोडसाठी. फटीगमध्ये, म्हणजे परत परत येणाऱ्या लोडने फाटण्यात (डिक्शनरीत याला थकवा म्हणतात, शॉपवर कोणी म्हणत नाही) हिशोब स्ट्रेस किती वर गेला याचा नसतो, तो वर-खाली किती झाला आणि किती वेळा झाला याचा असतो. आणि वेल्डच्या बाबतीत तर गंमत अशी की वेल्ड गार होताना आकसतो, बाजूची थंड प्लेट त्याला आकसू देत नाही, त्यामुळे वेल्डच्या आसपासचं स्टील लोड यायच्या आधीच जवळजवळ यील्डपर्यंत ताणलेलं असतं. म्हणून तुम्ही जे लिहिलंय की "टॉप फ्लँज तर कंप्रेशनमध्ये आहे, तिथे क्रॅक येईलच कसा", तर तुमच्या कागदावर शून्य ते उणे ७० दिसतं, पण त्या जागेवरचं स्टील प्रत्यक्षात यील्डवरून ७० ने खाली येतं आणि चाक पुढे गेलं की परत वर जातं, म्हणजे सगळा खेळ ताणातच चालू. त्यामुळे वेल्ड केलेल्या जोडाला कोड फक्त रेंज (वर-खाली किती झालं ते) विचारतो, सरासरी स्ट्रेस विचारत नाही.

ग्रेडचंही तसंच. साध्या मशिन केलेल्या तुकड्यात, वेल्ड नसेल तर, आयुष्याचा बराच भाग क्रॅक जन्माला येण्यात जातो आणि तिथे मजबूत स्टीलचा फायदा होतो. वेल्डच्या कडेला, म्हणजे जिथे वेल्डचा मणी संपून प्लेट सुरू होते त्या टो वर, स्लॅगचे बारीक कण आणि खाचा आधीच असतात, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून चार दहाव्या हिश्शापर्यंत. म्हणजे बाळ जन्मलेलंच आहे, आता फक्त वाढायचंय, आणि क्रॅक वाढायचा वेग ई २५० मध्ये काय आणि ई ४५० मध्ये काय, जवळपास सारखाच. म्हणून आयएस ८०० (आपला स्टील बांधकामाचा कोड) किंवा युरोकोड ३ (युरोपचा) उघडून बघा, वेल्ड केलेल्या जोडाच्या फटीगच्या टेबलात ग्रेडचा कॉलमच नाहीये. उलट ई ३५० घेतलं म्हणून प्लेट पातळ केलीत तर रेंज वाढेल आणि आयुष्य अजून कमी होईल, हे मी दोन ठिकाणी झालेलं बघितलंय, दोन्हीकडे कळंबोलीच्या स्टील मार्केटातून महाग प्लेट आणून पैसे वाचवल्याचा आनंद झाला होता.

आता आकडे. वेल्डसाठी एस-एन कर्व्हचा (किती रेंजला किती फेऱ्या टिकेल त्या आलेखाचा) उतार ३ असतो, म्हणजे आयुष्य स्ट्रेस रेंजच्या घनाच्या उलट प्रमाणात. रेंज दुप्पट झाली तर आयुष्य आठवा हिस्सा. रेंज २० टक्के वाढली तर आयुष्य ५८ टक्के उरतं. एवढं एक डोक्यात ठेवलं तरी अर्धी कामं तोंडी होतात.

तुमच्या क्रेनचा हिशोब ढोबळ करून बघू. एका चाकाचा जास्तीत जास्त लोड ९० किलोन्यूटन धरतो, म्हणजे साधारण ९ टन. रेल आणि फ्लँजमधून पसरून तो वेबच्या वरच्या कडेला दीडशे मिमी लांबीवर येतो असं धरू. वेब ८ मिमी, म्हणजे ९०,००० भागिले १५० गुणिले ८, आले ७५ एमपीए. पण हा लोड वेबमधून नाही, वेल्डमधून उतरतोय, आणि ६ च्या फिलेटचा थ्रोट (वेल्डची सगळ्यात कमी जाडी) ४.२, दोन्ही बाजूंचे मिळून ८.४, म्हणजे वेल्डमध्ये ७१ एमपीए. वेबची कड फ्लँजला नीट टेकलेली असती तर थोडा लोड थेट गेला असता, पण गॅसने कापलेली वेब असेल तर ते टेकणं फक्त ड्रॉइंगवरच असतं.

युरोकोडच्या टेबलात चाकाच्या उभ्या लोडखाली फिलेटने जोडलेल्या वेब-फ्लँजला कॅटेगरी दिलीये ३६, आणि तोच जोड फुल पेनिट्रेशन (वेबच्या पूर्ण जाडीतून वेल्ड) असेल तर ७१. कॅटेगरी म्हणजे २० लाख फेऱ्या टिकेल अशी रेंज. मग फिलेटचं आयुष्य २० लाख गुणिले (कॅटेगरी ३६ भागिले वेल्डमधले ७१ एमपीए) चा घन, हे येतं २ लाख ६० हजार फेऱ्या. लिहिताना दिसायला बरं दिसतं. आता फेऱ्या मोजा. दिवसाला त्या गर्डरवरून क्रेन भरलेली २०० वेळा आणि रिकामी २०० वेळा जाते असं धरू. रिकामी असताना चाकाचा लोड साधारण निम्मा, निम्म्याचा घन आठवा हिस्सा, म्हणजे २०० रिकाम्या फेऱ्या भरलेल्या २५ च्या बरोबर. झाल्या २२५. आणि इथे बहुतेक जण चुकतात, गर्डरच्या एकंदर बेंडिंगसाठी पूर्ण क्रेन गेली की एक फेरी, पण चाकाखालच्या या लोकल स्ट्रेससाठी प्रत्येक चाक एक फेरी. एका बाजूला दोन चाकं, म्हणजे दिवसाला ४५०, वर्षाला ३०० दिवस धरून १ लाख ३५ हजार. २ लाख ६० हजार भागिले १ लाख ३५ हजार, दोन वर्षांच्या आत. तुमचा क्रॅक सव्वादोन वर्षांनी आला. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे टाका, पण मला नाही वाटत फार लांब जाईल.

(ही जी वेगवेगळ्या लोडच्या फेऱ्यांची बेरीज केली ती पामग्रेन-मायनरची, पामग्रेनने १९२४ ला बॉल बेअरिंगसाठी मांडली आणि मायनरने १९४५ ला. शंभर वर्षं झाली, अजून याहून सोपं काही सापडलेलं नाही.)

आयएस ८०० वाल्यांसाठी इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलेलो आहे. २००७ च्या आयएस ८०० मध्ये १३ व्या सेक्शनला फटीग आहे, तिथे कॅटेगरीचा आकडा ५० लाख फेऱ्यांवर दिलाय, युरोकोडमध्ये २० लाखांवर. म्हणून युरोकोडचा ८० तो आपला ५९, ७१ तो ५२, ३६ तो २७. जोड तोच आहे आणि कर्व्हही तोच आहे, फक्त आकडा कुठे वाचायचा ती जागा वेगळी. आता कोणी इंटरनेटवरच्या उदाहरणातून ३६ उचलला आणि आयएसच्या फॉर्म्युल्यात ५० लाखांसोबत टाकला की आयुष्य सरळ अडीच पट येतं आणि सगळे खूश. रिपोर्ट तपासताना मी पहिलं हेच बघतो. शिवाय वरच्या हिशोबात मी सेफ्टी फॅक्टर लावलेलाच नाहीये, आयएस ८०० मध्ये तो १.०० पासून १.३५ पर्यंत आहे, जागा तपासायला सोपी आहे का आणि ती तुटली तर बाकीचं उभं राहील का यावर ठरतो. १.३५ लावलात तर त्याचाही घन होतो, आयुष्य चाळीस टक्क्यांवर येतं.

आता फिलेट वाढवायचं. ६ ची १० केली तर थ्रोट ७, दोन मिळून १४, वेल्डमधली रेंज ७१ वरून ४३ वर येते आणि आयुष्य दोन वर्षांवरून जवळजवळ पावणेनऊ वर्षांवर. म्हणजे फायदा आहे, चांगला आहे! पण हा फायदा क्रॅक मुळातून निघत असेल तरच, म्हणजे वेब आणि फ्लँजच्या मधल्या फटीतून वेल्डच्या आतून बाहेर येत असेल तर. वेबवरच्या टो ला निघालेला असेल तर तिथला ७५ एमपीए वेबच्या जाडीवर ठरतो, तुम्ही बाहेर कितीही मणी चढवा तो ७५ च राहतो, आणि मोठा मणी टाकताना हीट जास्त गेली तर वेब ओढली जाते ते वेगळंच. म्हणून मी वर म्हटलं की आधी क्रॅकचा उगम सांगा. फोटोत तुमचा क्रॅक वेल्डच्या मधोमध लांबीला चाललाय असं मला वाटतंय, मध्यावर असेल तर मुळातून आलाय, कडेला असेल तर टो वरून. पण फोटोवर तेल आणि रंग इतका आहे की शपथेवर सांगत नाही.

आणि तुमचा मॉडेल हा मुळातला क्रॅक दाखवूच शकत नाही, ते पण लक्षात घ्या. शेल एलिमेंटमध्ये (प्लेट फक्त पृष्ठभाग म्हणून धरतात त्यात) वेल्डच नसतो. सॉलिडमध्ये (जाडीसकट मॉडेल केलं तर) टो च्या कोपऱ्यात मेश बारीक कराल तसा स्ट्रेस वाढतच जातो, त्याला अंत नाही, त्यामुळे "मॅक्स किती आला" हा प्रश्नच चुकीचा. टो साठी हॉट स्पॉट पद्धत वापरा, प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १.० पट अंतरावरचे स्ट्रेस घ्या, पहिल्याला १.६७ ने गुणा आणि त्यातून दुसऱ्याचा ०.६७ पट वजा करा, मग लोड घेणाऱ्या फिलेटसाठी कॅटेगरी ९० आणि लोड न घेणाऱ्यासाठी १००. पण ही पद्धत टो पुरतीच, मुळाला हाताने थ्रोटचा हिशोब करावा लागतो. आणि व्हॉन मिसेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एक आकडा) घेऊ नका, त्याला चिन्ह नसतं, ताण आणि दाब दोन्ही त्यात अधिकच दिसतात, फटीगला रेंज लागते.

आता खरी गोष्ट सांगतो. भांडुपला एका शेडमध्ये असाच गर्डर होता, बरीच वर्षं झाली. मी सेफ्टी बेल्ट लावून वर चढलो, टॉर्च तिरका धरला आणि वेल्डच्या बाजूने तांबूस पावडरची बारीक रेघ खाली ओघळलेली दिसली, जणू कोणी हळदकुंकवाचं बोट ओढलंय. क्रॅकचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, आतला गंज बारीक भुकटी होऊन बाहेर येतो, आपल्याकडच्या दमट हवेत तर लवकरच येतो. पावसाळ्यानंतर ही रेघ जिथे दिसेल तिथे खडूने खूण करून ठेवत जा, डीपी (क्रॅकमध्ये डाय शिरवून करायची तपासणी) मारायच्या आधीच निम्मे क्रॅक सापडतात. तर मी खाली आलो आणि तिथल्या वयस्कर वेल्डरला विचारलं, काका हा केव्हापासून आहे? ते म्हणाले, "साहेब, हा तर मीच तीन वेळा भरलाय. दर वेळी लवकर येतो." मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये एकदाच लिहिलं होतं.

दर वेळी लवकर का, तर बाहेरून चार मिमी ग्राइंड करून भरत होते, आतलं टोक तसंच राहत होतं. नव्या वेल्डखाली जुना क्रॅक जिवंत. पहिल्या वेळी त्याला केसाएवढ्या खाचेपासून सुरुवात करायची होती, दुसऱ्या वेळी तो तीन मिमीचा होता. क्रॅकच्या आयुष्याचा मोठा भाग तो अगदी लहान असतानाच जातो, शेवटी शेवटी धावतो. तुमचे सत्तावीस महिने आणि मग सात महिने, त्याचं कारण बहुतेक हेच.

पण तो तिथेच का आला हे मला वेल्डवरून नाही, रेलवरून कळलं. रेलच्या डोक्यावर चाकाने घासून चकाकी येते ना, लोकलच्या रुळावर असते तशी, ती पट्टी मधोमध नव्हती, एका कडेला सरकलेली होती. ओळंबा सोडून मोजलं तर रेलची मध्यरेषा वेबच्या मध्यरेषेपासून १४ मिमी बाहेर. वेब ८ ची! म्हणजे प्रत्येक चाक जाताना फ्लँज एका बाजूला कलवत होतं, वेबच्या वरच्या टोकाला दर वेळी बेंडिंग येत होतं, आणि स्टिफनर जिथे फ्लँजला धरून ठेवतो त्याच्या शेजारीच ते सगळं गोळा होत होतं. ७५ च्या हिशोबात हे बेंडिंग नाहीच. युरोकोड क्रेनच्या गर्डरला लोड रेलच्या डोक्याच्या रुंदीच्या पाव हिश्शाने बाहेर आहे असं धरायला सांगतो, आणि बसवताना मी स्वतः वेबच्या जाडीच्या निम्म्याच्या आत आणल्याशिवाय सही करत नाही. त्या शेडमध्ये रेलच्या क्लिपही ढिल्या होत्या, रेल आणि फ्लँजमध्ये फीलर गेज जात होता, म्हणजे लोड दीडशे मिमीवर पसरायचं सोडून कुठेतरी एका टेकलेल्या जागी आदळत होता.

त्यामुळे तुम्ही गर्डर नवीन करायच्या आधी रेल बघा. तो बाहेर असेल तर ई ३५० काय आणि सोन्याचा गर्डर काय.

दुरुस्ती करायचीच असेल तर अशी. एमपीआय (चुंबक आणि लोखंडाच्या भुकटीची तपासणी) करून क्रॅकची दोन्ही टोकं शोधा, डीपीपेक्षा एमपीआय बरी कारण फटीगचा क्रॅक लोड नसताना मिटलेला असतो, त्यात डाय नीट शिरत नाही, आणि काहीही करा पण रंग काढून करा. मग त्या लांबीत आणि टोकांच्या पुढे पन्नासेक मिमी दोन्ही फिलेट गाऊज करून (कोरून) पूर्ण काढा, वेबला दोन्ही बाजूंनी बेव्हल (तिरकी कड) द्या, एका बाजूने भरा, मागून परत गाऊज करून स्वच्छ धातू लागेपर्यंत जा, मग दुसरी बाजू. फुल पेनिट्रेशन झालं की मूळच उरत नाही, ७१ ची कॅटेगरी मिळते आणि माझ्याच ढोबळ हिशोबाने साडेबारा वर्षं. सत्तर-अठराचे रॉड मेकरच्या शीटप्रमाणे बेक करून गरम डब्यातून वर न्या, जुलैमध्ये तळोज्याला उघड्या पाकिटातून काढलेला रॉड म्हणजे ओला स्पंज, हायड्रोजनने पहिल्याच आठवड्यात नवा क्रॅक देईल. टोकाला भोक मारून थांबवणं हा शटडाऊन मिळेपर्यंतचा उपाय, तोही भोकात क्रॅकचं टोक खरंच आलं असेल तर. दोन-तीन मिमी पुढे राहिलं तर भोक हे फक्त भोक.

बर ग्राइंडिंगचं (छोट्या गोल कटरने घासण्याचं) विचारलं होतंत. टो वर गोल बर फिरवून अंडरकटच्या (वेल्डच्या कडेला प्लेटमध्ये पडलेल्या खाचेच्या) खाली अर्धा मिमी गेलं, आणि ग्राइंडिंगच्या खुणा स्ट्रेसच्या दिशेने ठेवल्या, तर स्ट्रेसमध्ये १.३ पट आणि आयुष्यात साधारण २.२ पट मिळतं. मस्त उपाय आहे, पण टो साठी. मुळाला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट थ्रोट कमी कराल.

एक मात्र विनंती, गर्डरवर दुसरं काही वेल्ड करू देऊ नका. इलेक्ट्रिशियन केबल ट्रेचा क्लीट बॉटम फ्लँजला टॅक मारून जातात, ड्रॉइंगवर तो कुठेच नसतो. फ्लँजवर शंभर मिमीपेक्षा लांब पट्टी लांबीला वेल्ड केली की ती जागा कॅटेगरी ५६ वर येते, अगदी कडेला लावली तर ४०. ७० एमपीए रेंजला कॅटेगरी ८० च्या जोडाचं आयुष्य ३० लाख फेऱ्यांच्या आसपास, ५६ चं १० लाख, ४० चं पावणेचार लाख. एका फालतू क्लीटसाठी. नॉर्थ सी मध्ये २७ मार्च १९८० ला अलेक्झांडर किएलँड नावाचा नॉर्वेचा प्लॅटफॉर्म उलटला, १२३ माणसं गेली, त्याचा उगम ब्रेसवर (पाय जोडणाऱ्या नळीवर) लावलेल्या हायड्रोफोनच्या (पाण्यातला आवाज टिपणाऱ्या उपकरणाच्या) आधाराच्या प्लेटच्या ६ मिमी फिलेटमध्ये निघाला. मेन स्ट्रक्चरचा वेल्ड नव्हता तो, उपकरण धरायची जोडणी होती. आणि क्रॅकच्या आत रंग सापडला, म्हणजे रंगारी आला तेव्हाच तो फाटलेला होता.

मीही काही शहाणा जन्मलो नाही. तुर्भ्याला एका गर्डरचा स्ट्रेस जास्त येतोय म्हणून मी बॉटम फ्लँजला मधल्या भागात कव्हर प्लेट लावायला सांगितली होती, चारही बाजूंनी वेल्ड करून, आणि स्ट्रेस कमी झाला म्हणून रिपोर्टवर ठळक अक्षरात लिहिलं. चार वर्षांनी क्रॅक आला तो कव्हर प्लेट जिथे संपते तिथल्या आडव्या वेल्डच्या टो वर. तिथे आधी फक्त लांबीचा फिलेट होता, कॅटेगरी १००, मी ती ५६ वर आणून ठेवली होती आणि मला पत्ताच नव्हता.

तर आता रविवारच्या शटडाऊनला एवढं करा: वर जाऊन रेलच्या चकाकीचा फोटो काढा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, ओळंब्याने रेल आणि वेबच्या मध्यरेषेतलं अंतर निदान तीन जागी मोजा, क्लिप हाताने हलतात का बघा, आणि क्रॅकवरचा रंग वायर ब्रशने काढून पुसून परत फोटो घ्या. ग्राइंडर आत्ता लावू नका, नाहीतर उगमच पुसला जाईल. आणि हो, तिथल्या वेल्डरला बाजूला घेऊन विचारा की खरंच एकदाच भरलाय का.